कोणी राहिलं का?

३ मार्च

आमची बोट सरकारने लढाईसाठी घेतली. सकाळी धक्क्यावर गेलो तर बोटीवर चढायच्या फळीपाशी दोन शिपाई उभे. मी सवयीने हात पुढे करून "तिकीट?" म्हणालो. ते हसले नाहीत.

बोट म्हणजे आमची म्हातारी. कोळशावर चालते, धापा टाकते आणि खाडीच्या काठाकाठाने माणसं, कोंबड्या, सायकली नि भांडणं वाहून नेते. थांबे ठरलेले: कोळशाचा धक्का, जुनी जकात, पिवळं घर, शाळेचा घाट, टोक. मग तेच उलट. मी तिच्यावर तिकिटं तपासतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. आता बायकांची बाकं होती तिथे तोफ बसणार आहे.

नौदलाचे साहेब वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे असतील. म्हणाले, "जुनी माणसं तशीच ठेवणार. तुम्हाला बोट माहीत आहे." मला सांगायचं होतं की साहेब, मला तिकिटं माहीत आहेत, बोट नाही. पण सही करून मोकळा झालो.

म्हणजे कालची फेरी शेवटची होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. प्रत्येक धक्क्यावर फळी ओढून घेण्याआधी मी ओरडतो, "कोणी राहिलं का?" आणि खालच्या इंजिनखोलीतून माझा मेव्हणा ओरडतो, "कोणी नाही, सोडा!" त्याला तिथून धक्का दिसत नाही, माणसं दिसत नाहीत, काही दिसत नाही. तरी ओरडतो. आवाज असा की सगळं जग त्याला भोंगा म्हणतं. उतारू हसतात, आणि माझा हात त्याच्या ओरडण्यावरच फळीला जातो. तो एकदा सर्दीने बसलेल्या घशाने कामावर आला होता, तर मी फळी ओढायची विसरलो होतो.

आजही तो खुशीत. म्हणे, "दाजी, आता फुकट्यांना तोफेनेच उतरवा."

घरी हिला सांगितलं. ही बराच वेळ ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "त्याला सांभाळा. अंगाने वाढलाय, अक्कल शाळेतच आहे अजून." मी हो म्हटलं. मला कोण सांभाळणार, हे विचारलं नाही.

९ मार्च

म्हातारीला राखाडी रंग फासलाय. ओळखू येत नाही.

तोफेच्या बैठकीला खालून लोखंडी खांबांचा टेकू द्यावा लागला. ते खांब नेमके इंजिनखोलीतून वर येणाऱ्या शिडीच्या जागी आले, म्हणून शिडी काढून टाकली. आता इंजिनखोलीतून बाहेर यायला एकच वाट, खालच्या हॉलमध्ये उघडणारं दार. या हॉलमध्ये थंडीत उतारू इंजिनाच्या उबेला बसायचे. आता तिथे तोफगोळ्यांच्या पेट्या आहेत. लाकडी दार काढून जाड लोखंडी बसवलंय, आणि त्याला हॉलच्या बाजूने आडवा अडसर.

भोंग्याने नवं दार ठोकून पाहिलं. म्हणाला, "वा! आमच्या घरालासुद्धा एवढं भारी दार नाही."

१० मार्च

आज कामं वाटली. मला वाटलं होतं, मोजमाप, नोंदी, असलं काहीतरी मिळेल. साहेब मला खाली घेऊन गेले आणि त्या लोखंडी दारापाशी उभं केलं.

"तुमची जागा इथे. इंजिनखोलीत पाणी शिरलं तर मी वरून हुकूम देईन. हुकूम आला की दार लावून अडसर टाकायचा. हॉल कोरडा राहिला तर बोट तरंगेल. समजलं?"

मी विचारलं, "आणि आतली माणसं?"

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. म्हणाले, "तुम्ही जितकी चपळाई कराल तितकी बाहेर येतील. पण हुकूम आल्यावर थांबायचं नाही."

आत आजोबा असतात, म्हणजे आमचे सगळ्यांत जुने कोळसेवाले, त्यांचे दोन जोडीदार, आणि वाफेच्या चाकापाशी भोंगा. वरून सारंगकाका सुकाणूपाशी घंटा वाजवतात; दोन घंटा झाल्या की भोंगा चाक फिरवून बोट पुढे काढतो, एक घंटा झाली की थांबवतो. आणि बाहेर, अडसरावर हात ठेवून, मी. जगात एवढी माणसं असताना मीच.

हिला सांगितलं, मला दारावरचं काम दिलंय. ही म्हणाली, "बरं झालं, आतलं काम आहे."

१४ मार्च

आज माझी शोभा झाली.

इंजिनखोली रिकामी करायचा सराव होता. साहेब वरून ओरडले, मी दारात तोंड घालून सवयीने म्हणालो, "कोणी राहिलं का?" आजोबा आणि दोघे बाहेर आले. आतून भोंगा ओरडला, "कोणी नाही, सोडा!" आणि माझ्या हाताने अडसर टाकला. तो आतच होता! आतून धडाधडा दार वाजायला लागलं तेव्हा मला कळलं. सगळे पोट धरून हसले. मी अडसर काढून दार उघडलं.

साहेब भडकले. "हा काय पोरखेळ लावलाय?"

नंतर मी भोंग्याला बाजूला घेतलं. म्हणालो, "हे बघ, इथे ते ओरडू नकोस. माझा हात माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो." तो पहिल्यांदाच गंभीर झाला. "नाही ओरडणार, दाजी. ताईची शपथ." नंतरच्या सरावाला तो मुकाट्याने बाहेर आला आणि माझ्या खांद्यावर टप्पकन हात मारून पुढे गेला. कोळशाचा पंजा सदऱ्यावर उमटला. ही ओरडेल.

२१ मार्च

आज पहिली गस्त. पलीकडच्यांची एक बोट लांबवर दिसली आणि निघून गेली. आमच्या तोफेने एक गोळा टाकला. तो कुठे पडला ते तोफवाल्यालाही माहीत नाही. पण आवाजाने म्हातारी अशी हादरली की माझे दात एकमेकांवर आपटले. मी पेट्यांमागे बसलो. सरळ लिहितो, पाचावर धारण बसली.

तेवढ्यात आतून भोंगा म्हणाला, "दाजी, काय झालं? बाहेर काय दिसतंय?" हॉलला गोल खिडक्या आहेत, इंजिनखोलीला एकही नाही. मी खिडकीशी गेलो. जे दिसत होतं ते सांगायची हिंमत नव्हती, म्हणून जे कायम सांगत आलो तेच सांगितलं. "पिवळं घर! पिवळं घरवाले पुढे या!" आत खसखस पिकली. मग सबंध गस्तभर मी एकेक धक्का पुकारत राहिलो. आजोबा मध्येच विचारायचे, "मास्तर, आहात ना?" मी म्हणायचो, आहे.

भोंगा मनाने चांगला आहे. मी घाबरलोय हे ओळखून मला कामाला लावलं त्याने. आतली माणसं बघा कशी निवांत असतात, आणि मी बाहेर उजेडात उभा राहून लटपटतो.

२६ मार्च

ठरवलं. मी इथून निघणार. डाव्या कानाने ऐकू येत नाही असं सांगायचं. बहिरा माणूस हुकूम कसा ऐकणार? मला हिचा भाऊ कोंडायचा नाहीये, बस्स.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डाव्या कानाशी घड्याळ धरलं. मी म्हणालो, काही नाही. मग माझा उजवा कान बोटाने बंद करून ते मागून अगदी हळू म्हणाले, "खिशातून रुमाल पडला तुमचा." मी खाली वाकलो.

डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकलं. मग विचारलं, "तुमचं काम काय आहे बोटीवर?" मी सांगितलं. दाराचं, अडसराचं, आत कोण असतं त्याचं. म्हणाले, "कान खराबच दिसतोय. वर लिहितो." मला वाटतं, माझं नाटक अगदीच वाईट वठलं नसावं.

२ एप्रिल

भोंग्याला कळलं. कसं ते माहीत नाही. जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर पाय सोडून बसलो होतो.

"दाजी, कान दुखतो म्हणे?"

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"जाणार असाल तर जा. ताईला बरंच वाटेल. तिने मला काय सांगितलंय माहितेय? त्यांच्याकडे लक्ष ठेव, भित्रे आहेत."

मला राग आला आणि हसूही. मला सांगते त्याला सांभाळा, त्याला सांगते यांना सांभाळ. मग मी विचारलंच, "तुला माहितेय ना, ते दार कशासाठी आहे?"

"आम्हाला सगळ्यांना माहितेय. शिडी काढली त्या दिवशीच आजोबा म्हणाले." त्याने एक खडा पाण्यात टाकला. "तुमच्या जागी कोणीतरी येईल. नौदलाचा. चपळ. हुकूम आला की धाडकन दार. तुम्ही निदान हाक मारता."

"हाकेने काय होतं?"

"बाहेर यायला तेवढा वेळ मिळतो," तो म्हणाला, आणि मग नेहमीसारखा हसला. "आणि तुमची हाक एवढी लांबलचक असते की तेवढ्यात आजोबा चप्पलसुद्धा घालतील."

मी काही कबूल केलं नाही.

८ एप्रिल

बदलीचा हुकूम आला. सोमवारपासून गोदामावर. कागद हातात घेतला तेव्हा इतका आनंद झाला की लाज वाटली. अजून कोणाला दाखवलेला नाही, हिलाही नाही. शनिवारी एक गस्त आहे, तेवढी करतो आणि मग सांगतो. एका गस्तीने काय होणार आहे?

१५ एप्रिल

लिहितोच. न लिहून चालणार नाही, कारण डोक्यात सारखं वेगवेगळं होत राहतं.

शनिवारी सकाळी टोकाच्या आडून त्यांच्या दोन बोटी आल्या. खऱ्या लढाऊ. आमची म्हातारी त्यांच्यापुढे म्हणजे निव्वळ चेष्टा. तोफवाला वर वेड्यासारखा गोळे सोडत होता, हॉलमधून पेट्या वर जात होत्या. मी दारापाशी. आतून भोंगा म्हणाला, "दाजी, कुठवर आलो?" मी खिडकीतून पाहिलं. पाण्याचे खांब उठत होते. मी ओरडलो, "शाळेचा घाट! शाळेचा घाटवाले तयार राहा!"

मग तो आवाज झाला. सगळी बोट एका अंगावर कलली, मी पेट्यांवर आपटलो. इंजिनखोलीतून वाफ आली आणि वाफेखालून पाणी. वरून साहेब किंचाळले, "दार! दार लावा!"

मी दारात उभा राहून ओरडलो, "कोणी राहिलं का?" आजोबा आले, त्यांना एका जोडीदाराने धरलं होतं. मागून दुसरा आला. सगळे काळे, सगळे भिजलेले, वाफेत चेहरा म्हणून दिसत नव्हता. पाणी माझ्या घोट्यापर्यंत. साहेब पुन्हा किंचाळले. मी पुन्हा ओरडलो, "कोणी राहिलं का?"

आतून आलं, "कोणी नाही, सोडा!"

आणि माझ्या हाताने अडसर टाकला.

मग मी वळून माणसं बघितली. हसणारं कोणी नव्हतं. खांद्यावर हात मारणारं कोणी नव्हतं. मी अडसर काढायला धडपडलो, पण साहेब जिना उतरून आले होते, त्यांनी मला मागून कवेत धरलं. मी त्यांना चावलो. ते म्हणत राहिले, "बोट जाईल, मास्तर, सगळे जातील." दार मी आतून वाजेल म्हणून ऐकत होतो. सरावाच्या दिवशी वाजवलं होतं तसं. वाजलं नाही.

बोट चालूच होती. सारंगकाकांनी तिचं तोंड शाळेच्या घाटाजवळच्या वाळूकडे फिरवलं. तळ वाळूला घासला, सगळे कोलमडले. काकांनी जन्मभराच्या सवयीने घंटा दिली, एक. इंजिन थांबलं. रोज थांबतं तसंच थांबलं. आम्ही गुडघाभर पाण्यातून काठावर गेलो. मला दोघांनी उचलून नेलं. मागे आणखी एक गोळा म्हातारीच्या पाठीत बसला.

ओहोटीला दार उघडलं. मला जाऊ दिलं नाही. आजोबा आत गेले. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "चाकापाशीच होता."

साहेब म्हणतात, तुम्ही दार लावलंत म्हणून बाकीचे वाचले. त्यांच्या मनगटावर माझ्या दातांचे वण आहेत. मला फक्त एकच विचारायचंय, आणि ते कोणाला विचारू? तो आवाज मी ओळखला होता का? ओळखूनही हात चालला का? पाणी वाढत होतं, मी भित्रा माणूस आहे. भीतीने लावलं असेल तर? मी स्वतःला शंभरदा विचारतो आणि दरवेळी वेगळं उत्तर येतं.

१९ एप्रिल

हिला आज सगळं सांगितलं. याआधी फक्त एवढंच कळवलं होतं की तो गेला. मी ठरवलं होतं, ही मला घराबाहेर काढेल तर मुकाट्याने जायचं.

स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसलो आणि सांगत गेलो. दार, अडसर, शिडी. बदलीचा कागदही पुढे ठेवला, भिजून चिकटलेला. ही उभ्या उभ्या ऐकत होती. तो शेवटी काय ओरडला ते सांगितलं तेव्हा हिने विचारलं, "पण तो म्हणाला होता ना, नाही ओरडणार? माझी शपथ घेतली होती ना त्याने?"

"हो."

"नंतर कधी ओरडला?"

"नाही. एकदाही नाही."

हिने बदलीचा कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "पुन्हा सांगा. बोट वाळूवर चढली. मग?"

"मग सारंगकाकांनी घंटा दिली."

"आणि?"

"आणि इंजिन थांबलं."

"कोणी थांबवलं?"

मी तोंड उघडलं. मला वाटलं होतं, मला उत्तर माहीत आहे. चाकापाशी एकच माणूस होता. ही खाली बसली, माझ्या समोर, जमिनीवर. दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं आणि मोठ्याने रडायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मीही रडलो.

मग म्हणाली, "मेला माझी शपथ मोडून गेला."

३० मे

म्हातारी दुरुस्त झाली. पुन्हा पाण्यात उतरवणार. या वेळी शिडी परत बसवली आहे, तोफेचे खांब जरा सरकवले. सरकवता येत होते म्हणजे.

बदलीचा हुकूम अजून लागू आहे असं साहेबांनी स्वतः सांगितलं. "जा मास्तर. कोणी काही म्हणणार नाही." मी गोदामावर जायला निघालोही होतो. वाटेत आजोबा आणि त्यांचे दोघे जोडीदार बसलेले, अंघोळ करून, स्वच्छ. स्वच्छ असले की मला त्यांची ओळखच पटत नाही.

आजोबा म्हणाले, "दारापाशी तुम्ही हवे."

मला वाटलं थट्टा करतात. "आजोबा, मी काय केलं ते तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं. तुम्ही दोनदा हाक मारलीत. पहिल्या हाकेच्या रोखाने मी बाहेर पडलो." मग म्हणाले, "आत काही दिसत नाही हो, मास्तर. तुमचा आवाज येतो तेवढाच. तो बंद पडला की आम्ही मेलोच, असं आम्हाला वाटायचं. पोराला सगळ्यांत जास्त. म्हणून तर तो सारखा विचारायचा, कुठवर आलो."

मी तिथेच एका पिंपावर बसलो.

११ जून

परत आलोय. मी शूर झालो असं कोणी समजू नये. लोखंडी दार दिसलं की अजून नजर दुसरीकडे जाते. ही म्हणाली, "जा." एवढंच. जाताना सदऱ्याचं बटण लावून दिलं. तो कोळशाच्या पंजाचा सदरा हिने धुतलेला नाही.

साहेबांना एकच अट घातली. यापुढे "कोणी राहिलं का" नाही. मी एकेकाला नावाने हाक मारणार, त्याने बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. आतून दिलेलं उत्तर चालणार नाही. साहेब म्हणाले, वेळ जाईल. मी म्हणालो, जाऊ दे. ते आपल्या मनगटाकडे बघत होते. हो म्हणाले.

आज सराव झाला. मी नावं घेतली. आजोबा आले, हात ठेवला. दुसरा आला. तिसरा आला. चाकावर आता नवा माणूस आहे, त्याचंही नाव घेतलं, तोही आला. सगळे आले. आणि मग माझ्या तोंडून आणखी एक नाव गेलं, त्याचं खरं, शाळेच्या दाखल्यावरचं. भोंगा नाही.

कोणी हसलं नाही. सगळे तिथेच थांबले, साहेबसुद्धा, उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग मी दार लावलं.